रमाबाईंनी देवाला विचारलेले प्रश्न

वडील गेले त्या वर्षी माझी प्रार्थना बंद पडली. रविवारी उपासनेला जायचो, गीतं म्हणायचो, पण आतून काही येत नव्हतं. सांगवीतल्या आमच्या घरी येणारी मंडळी प्रेमानं सांगायची, ‘धीर धर, प्रभू वाट दाखवील.’ मी सहा महिने नुसता धीर धरला. काही बदललं नाही.

त्याच सुमारास पंडिता रमाबाईंची पत्रं वाचनात आली. शाळेत त्यांचं नाव समाजसुधारकांच्या यादीत पाठ केलं होतं. पत्रांत भेटलेली बाई मात्र देवाच्या बाबतीतही ऐकून गप्प बसणारी नव्हती.

1883 साल. रमाबाई पंचविशीच्या. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा आदल्याच वर्षी गेलेला, सोबत लहानगी मनोरमा. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टरांकडे राहून त्यांनी 29 सप्टेंबरला बाप्तिस्मा घेतला. खरी झटापट त्यानंतर सुरू झाली. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. तो पटल्याचं सोंग त्यांनी केलं नाही आणि विषय सोडूनही दिला नाही. सिस्टर जेराल्डिनना त्या पत्रांमागून पत्रं लिहीत राहिल्या. पवित्र शास्त्रात याला आधार कुठे आहे? क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत? समोरच्यांना हा अहंकार वाटला.

तुकोबा विठ्ठलाशी भांडले, हे आपण कौतुकानं सांगतो. आमच्या सांगवीपासून देहू काही लांब नाही. पण चर्चमध्ये कुणी असं भांडलं, की त्याची श्रद्धा कमी पडली असं आपण चटकन म्हणून टाकतो.

रमाबाईंची ओढाताण कित्येक वर्षं चालली. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणानं सांगितलं. मला यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं. मन शांत होईपर्यंत त्यांनी हात थांबवले नाहीत. 1889मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, ते या घालमेलीतच. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या विधवांना, मुलींना घेऊन आल्या. दुष्काळानं आईबाप नेलेली बाई पुन्हा दुष्काळात शिरली. त्यातूनच केडगावचं मुक्ती मिशन वाढलं.

पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत त्यांना बायबल आणायचं होतं. 1921मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी दापोडीहून लोकल पकडली, पुण्याला गाडी बदलली आणि केडगावला जाऊन आलो. परतताना मोबाइलवर माझे प्रश्न लिहून काढले. पहिला वडिलांबद्दलचा होता. पुढच्या रविवारी तो पास्टरांसमोर ठेवला. मंडळीतल्या एका आजारी आजोबांना दर शनिवारी दवाखान्यात न्यायचं कामही अंगावर घेतलं.

त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. रोज रात्री तोच प्रश्न देवाला विचारतो. माझी प्रार्थना पुन्हा सुरू झाली, ती अशी.