दोन राज्यांच्या मधला कारभार : प्रस्तावना

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या जिल्हा प्रशासनाकडून रोज पूरस्थितीचे पत्रक निघते. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी, धरणांतला साठा, विसर्ग आणि मग नदीवार पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नावे. आम्ही नेसरीकडची माणसे त्यात आधी घटप्रभेची ओळ शोधतो : पिळणी, बिजूर-भोगोली, हिंडगाव, कानडेवाडी, तारेवाडी. कोणते नाव आले, त्यावरून कोणती वाट बंद झाली आणि कोणत्या गावचे दूध आज संकलनाला येणार नाही, हे घरबसल्या कळते. नदी पुढे कर्नाटकात शिरते आणि हिडकलच्या धरणात जाते. पत्रकातली ओळ मात्र हद्दीवर थांबते. त्यापुढचे पाणी दुसऱ्या सरकारच्या दुसऱ्या पत्रकात, दुसऱ्या लिपीत.

लोकप्रशासनाचा अभ्यास कुठून सुरू करावा, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी हे पत्रक त्यांच्यापुढे ठेवतो. या संग्रहातले लेख ती ओळ थांबते त्या जागेबद्दल आहेत. दोन राज्ये, दोन जिल्हे, दोन खाती यांच्या मधल्या पट्ट्यात कारभार कसा चालतो, कुठे अडतो, कोण चालवतो, हा त्यांचा विषय. पाठ्यपुस्तकात याला शेवटी एखादे प्रकरण मिळते. सीमेवर राहणाऱ्यांचा मात्र रोजचा दिवसच त्यात जातो.

नेसरीहून चंदगडच्या वाटेला लागले की अडकूर येते. तो सगळा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडले गेले. अलीकडचा गडहिंग्लज तालुका त्याआधी संस्थानी कारभारातला. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १९४९ साली. म्हणजे एकाच नदीच्या काठावर, एका पिढीच्या आयुष्यात, संस्थान, बेळगावचे कलेक्टर आणि कोल्हापूरचे कलेक्टर अशी तीन दप्तरे होऊन गेली. सोयरीक, बाजार आणि दवाखाना यांनी हद्द मानली नाही. कोविडच्या काळात शिनोळी आणि कोगनोळीच्या नाक्यांवर तपासणी अहवालासाठी माणसे अडली, तेव्हा एरवी न दिसणारी ही रेघ सगळ्यांना दिसली.

आता कायद्याकडे पाहू, कारण नवख्या अभ्यासकाचा पहिला गैरसमज तिथेच होतो. आपल्याकडे आंतरराज्य नद्यांसाठी कायदा नाही, असे तो समजतो. कायदे आहेत, आणि १९५६ या एकाच वर्षी दोन झाले. आंतरराज्य जलविवाद कायद्याने लवाद दिले. नदी मंडळ कायद्याने मिळून नियोजन करण्याची वाट दाखवली. त्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ उभे राहिलेले नाही. लवाद मात्र उभे राहिले आणि चालले. बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी वाटून दिले. घटप्रभेच्या उपखोऱ्यात तर महाराष्ट्राने वर्षाला ७ टीएमसीपेक्षा जास्त वापरू नये, अशी वेगळी मर्यादा घातली. नदी मंडळांप्रमाणे विभागीय परिषदाही इथे उपयोगी पडत नाहीत. शेजारच्या राज्यांनी एकत्र बसावे म्हणून त्या स्थापन झाल्या. पण आज महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. जिथे सर्वांत जास्त बोलायला हवे, तिथेच सामाईक बैठक नाही. आपल्या व्यवस्थेत भांडण्याची सोय चोख आहे, रोजच्या बोलण्याची सोय फार थोडी आहे, असे माझे मत पंचवीस वर्षांच्या शिकवण्यातून झाले आहे.

तरीही कारभार चालतो. कसा, ते बंधाऱ्यावर उभे राहून पाहावे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पाऊस ओसरला की खांबांमधल्या खाचांत पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बर्गे, बसवतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर ते काढतात. बर्गे लवकर घातले आणि उशिरा पाऊस झाला, तर पाणी काठावरच्या उसात शिरते. उशीर केला, तर पाणी वाहून जाते आणि मार्चमध्येच उपसाबंदीची पाळी येते. वरच्या गावाला बर्गे हवे असतात, खालच्या गावाला आवर्तनाचे पाणी पुढे सरकायला हवे असते, आणि सगळ्यांत खालचे गाव दुसऱ्या राज्यात असते. अशा वेळी लिखित करारापेक्षा फोन जास्त उपयोगी पडतो. अलीकडचा अभियंता पलीकडच्या अभियंत्याला ओळखत असतो, कधी दोघे एकाच कॉलेजात शिकलेले असतात. दोन मिनिटांत गोष्ट मिटते.

मग त्यातल्या एकाची बदली होते. नव्या साहेबांकडे तो नंबर नसतो, आधी काय ठरले होते त्याचा कागद नसतो, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या संग्रहातल्या जवळजवळ प्रत्येक लेखाच्या तळाशी ही बदली आहे. सीमेवर सहकार्य नाही, हे खरे नव्हे. ते आहे, पण माणसांच्या ओळखीवर आहे, आणि ओळखीची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

महापुराने हे दुखणे उघडे पाडले. २००५ आणि २०१९ नंतर आपल्याकडे सगळी चर्चा कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाभोवती फिरली. नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीला २०१९ च्या पुराचे मुख्य कारण मानले नाही. काठावरच्या अनेकांना तो निष्कर्ष आजही पटलेला नाही. मला इथे दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जून २०२१ मध्ये तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले. पाऊस, साठा आणि विसर्ग यांची माहिती दोन्ही बाजूंनी वेळेवर एकमेकांना द्यावी, हा विषय होता. इतक्या साध्या गोष्टीसाठी मंत्र्याला मुख्यमंत्र्यांकडे जावे लागते, ते का, याचे उत्तर अभ्यासकाने शोधायला हवे. दूधगंगा प्रकल्प दोन राज्यांचा आहे. घाटाखाली तिलारी धरण महाराष्ट्र आणि गोव्याने १९९० च्या कराराने मिळून उभारले. ही उदाहरणे हाताशी असताना त्यांवर मराठीत पुरेसे लेखन नाही, याची मला खंत आहे.

या संग्रहात चीनवरचे लेख का, असे कोणी विचारेल. कारण हाच प्रश्न तिथे वेगळ्या राज्यपद्धतीत उभा आहे. शिनआन नदी आन्हुइ प्रांतातून चच्यांग प्रांतात जाते. २०१२ पासून तीन वर्षांसाठी करार झाला : हद्दीवर पाणी ठरल्याइतके स्वच्छ मिळाले तर खालच्या प्रांताने वरच्याला दहा कोटी युआन द्यायचे, नाही मिळाले तर वरच्याने खालच्याला. केंद्राने वेगळे तीस कोटी घातले. २००७ मध्ये ताइ सरोवर शेवाळाने हिरवे पडल्यावर वूशी शहराने प्रत्येक नदीला एक जबाबदार अधिकारी नेमला. ती पद्धत नंतर देशभर गेली आणि काठावरच्या फलकांवर त्या अधिकाऱ्याचे नाव लागले. हे वाचून भारावून जाऊ नये. पेकिंग विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ चोउ लिआन यांनी २००७ मध्येच दाखवले, की तिथले स्थानिक अधिकारी बढतीसाठी एकमेकांशी झुंजतात आणि त्यामुळे शेजाऱ्याला मदत करण्यात त्यांना फायदा दिसत नाही. तिथे वरून हुकूम येतो, आपल्याकडे मतदार आणि न्यायालय आहे. तो करार उचलून घटप्रभेवर आणता येणार नाही. पण हद्दीवर पाणी मोजायचे, त्याला किंमत लावायची आणि ते सगळे लिहून ठेवायचे, एवढे तरी शिकता येईल.

या विषयात नव्याने येणाऱ्यांचे मनापासून स्वागत. लेख क्रमाने वाचले पाहिजेत असे नाही. ज्याला पाण्याची ओढ आहे त्याने तिथून सुरुवात करावी, ज्याला उसाची आहे त्याने बहुराज्य सहकारी कारखान्यांच्या लेखापासून. एक आग्रह मात्र धरतो : कन्नड वाचायला शिका. गडहिंग्लज भागातली कितीतरी जुनी माणसे दोन्ही भाषांत सहज बोलतात, आणि आपले संशोधक पलीकडचा शासननिर्णय इंग्रजीत येण्याची वाट पाहतात. अर्धी नदी वाचून नदीबद्दल लिहिता येत नाही.

आणि सीमाभागातल्या वाचकांना एक विनंती. ग्रामपंचायतीचे जुने ठराव, पाणीवापर संस्थेच्या वह्या, पलीकडच्या गावाशी झालेला पत्रव्यवहार, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या घरातल्या डायऱ्या रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाला दाखवा, निदान फोटो काढून ठेवा. पुढचा खंड त्यावरच लिहायचा आहे.

नेसरी, ता. गडहिंग्लज