उदात्तीकरण करणे

संयुक्त क्रियापद. एखादी व्यक्ती, प्रथा किंवा अवस्था मुळात असते त्याहून थोर, पवित्र वा निर्मळ भासेल अशी मांडणे. कर्म षष्ठीत येते: गरिबीचे, हिंसेचे, सोसण्याचे उदात्तीकरण करणे. ‘होणे’ लावूनही चालते.

‘उदात्त’ हे पाणिनीकडे उंच उच्चारल्या जाणाऱ्या स्वराचे नाव. स्वभावाचा मोठेपणा हा अर्थ संस्कृत नाटकातल्या ‘धीरोदात्त’ नायकातही दिसतो. ‘-ईकरण’मागे संस्कृतातला ‘च्वि’ प्रत्यय आहे. आधी जे तसे नव्हते ते तसे करणे, हा त्याचा अर्थ. म्हणजे जे उदात्त आहेच, त्याचे उदात्तीकरण करायला जागाच उरत नाही. मराठीत या क्रियापदाला आरोपाची धार आहे ती या व्याकरणाला धरूनच. ते बहुधा दुसऱ्याबद्दल वापरतात. ‘मी अमुकचे उदात्तीकरण करतो’ असे कोणी आपणहून सांगत नाही.

‘सतीचे उदात्तीकरण’ हा प्रयोग तर थेट कायद्याशी जोडलेला. सप्टेंबर १९८७मध्ये राजस्थानातील देवराळा येथे रूपकंवर ही तरुणी पतीच्या चितेवर जळाली. पाठोपाठ तिथे तिच्या गौरवार्थ चुनरीचा सोहळा झाला, गर्दी लोटली. त्याच वर्षी संसदेने संमत केलेल्या केंद्रीय सती प्रतिबंधक कायद्याने सती जाण्याबरोबर सतीचा गौरवही गुन्हा ठरवला. सोहळा, मिरवणूक, स्मरणार्थ मंदिर वा न्यास, सारे त्यात येते. शिक्षा एक ते सात वर्षे कैद आणि दंड.

दैनंदिन वापरात धार सौम्य असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठणाऱ्यांच्या ‘मुंबई स्पिरिट’चे कौतुक सुरू झाले. हे नाइलाजाचे उदात्तीकरण आहे, ही टीका तेव्हापासून दर मोठ्या पावसात ऐकू येते. ती रास्तही आहे: घरी परतण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कुठे होता?

‘उदोउदो करणे’ आणि ‘डोक्यावर घेणे’ जवळचे, पण त्यांत गलबला अधिक. उदात्तीकरणाला नैतिक मुलामा लागतो. पाऊस किंवा खेड्यातले जगणे गोड करून सांगण्याला तरुण मंडळी सरळ ‘रोमँटिसाइज करणे’ म्हणतात.

मानसशास्त्रात मात्र अर्थ वेगळा. फ्रॉइडच्या मांडणीत लैंगिक प्रेरणेला कला वा ज्ञानसाधनेची वाट मिळणे म्हणजे उदात्तीकरण. तिथे निंदा अभिप्रेत नाही.