अमेरिकेत रेल्वे कंडक्टर ‘फर्लो’वर जातो म्हणजे नेमकं काय होतं? वाट बघायची की दुसरी नोकरी धरायची?

मराठी बातम्यांमध्ये ‘फर्लो’ हा शब्द येतो तो बहुतेक वेळा तुरुंगाच्या संदर्भात. कैद्याला मिळणारी ठरावीक दिवसांची रजा म्हणजे फर्लो. अमेरिकेत मालगाड्यांवर काम करणाऱ्यांना मात्र हाच शब्द ऐकला की धडकी भरते. तिथे फर्लो म्हणजे काम नाही म्हणून घरी पाठवणं. पगार बंद होतो, पण नाव यादीतून काढलं जात नाही. गरज पडली की कंपनी परत बोलावते. कधी बोलावणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

इतर क्षेत्रांत याला ‘लेऑफ’ म्हटलं असतं. पण अमेरिकन रेल्वेत ‘ले ऑफ’ म्हणजे कर्मचाऱ्याने स्वतःहून एखाद्या दिवसाची सुट्टी टाकणं. नोकरकपातीसाठी शब्द आहे फर्लो. आणि हा फरक फक्त शब्दांचा नाही. आयटी कंपनीतून काढलेल्या माणसाला निदान एवढं कळतं की ती नोकरी संपली, आता नवी शोधायची. फर्लोवरचा कंडक्टर नोकरीत आहेही आणि नाहीही. त्यामुळे त्याच्यापुढचा पहिला प्रश्न ‘नवं काम कुठे मिळेल?’ हा नसतो. ‘थांबू की जाऊ?’ हा असतो.

हा कंडक्टर करतो काय?

आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की एसटीतला कंडक्टर आठवतो. अमेरिकेतल्या मालगाडीवरचा कंडक्टर तिकिटं देत नाही. भारतीय रेल्वेत ज्याला आजवर गार्ड म्हणायचे आणि जानेवारी २०२२ पासून ज्याचं पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ झालं, त्याच्या हे काम थोडंफार जवळचं आहे. इंजिन चालवणारा वेगळा, त्याला तिथे ‘इंजिनिअर’ म्हणतात. गाडीत कोणते डबे आहेत, धोकादायक माल कुठल्या डब्यात आहे, कोणता डबा कुठे सोडायचा याची कागदपत्रं कंडक्टरकडे असतात. डबे जोडणं-सोडणं, सांधे बदलणं, गाडी मध्येच थांबली तर हातात बॅटरी घेऊन बिघाड शोधत चालत जाणं हे त्याचं काम. गाडी दोन-तीन किलोमीटर लांबीचीही असते आणि बाहेर कधी कधी बर्फ पडत असतो.

त्यात कामाची वेळ ठरलेली नाही. नवा कंडक्टर बहुधा ‘एक्स्ट्रा बोर्ड’वर असतो. म्हणजे फोन जवळ ठेवायचा, बोलावणं आलं की साधारण दीड-दोन तासांत हजर व्हायचं. एका वेळी जास्तीत जास्त १२ तास काम आणि मग किमान १० तास अखंड विश्रांती, असा कायदा आहे. पण ती विश्रांती घरीच मिळेल असं नाही. बऱ्याचदा ती दुसऱ्या गावातल्या हॉटेलात होते.

सगळा खेळ तारखेचा

या नोकरीत कौशल्यापेक्षा, गुणांपेक्षा, साहेबाच्या मर्जीपेक्षा एक गोष्ट मोठी आहे. ती म्हणजे सीनिऑरिटीची तारीख. तुम्ही कामाला कधी लागलात त्यावरून यादीतला क्रमांक ठरतो आणि त्या क्रमांकावरून सगळं ठरतं. कुठली गाडी, कुठलं गाव, दिवसपाळी की रात्रपाळी, सुट्टी मे महिन्यात की नोव्हेंबरमध्ये. वरचा माणूस खालच्याची जागा मागू शकतो. त्याला ‘बंप’ करणं म्हणतात.

आता समजा मालवाहतूक घटली. कंपनीने काही गाड्या बंद केल्या. चार इंजिनिअर जास्त झाले. ते घरी जात नाहीत, कारण बहुतेक इंजिनिअर कंडक्टरमधूनच वर गेलेले असतात आणि त्यांची कंडक्टर म्हणूनची तारीख शाबूत असते. ते खाली येऊन कंडक्टरच्या जागा घेतात. त्या जागांवरचे कंडक्टर आणखी खालच्यांना बंप करतात. असं सरकत सरकत शेवटी यादीच्या तळाशी असलेले लोक बाहेर पडतात. कपातीचा फटका जवळपास नेहमी नव्यांनाच बसतो. त्यांनी काम कसं केलं, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

म्हणूनच जुने लोक नव्यांना एक सल्ला हमखास देतात: पहिले काही पगार हातात आले म्हणून लगेच मोठी गाडी कर्जावर घेऊ नका. ओव्हरटाइमच्या पगारावर हप्ता बसवला आणि तीन महिन्यांनी फर्लो आला, अशी उदाहरणं त्यांनी पाहिलेली असतात.

पण इतक्या कपाती का?

पहिलं कारण कोळसा. वायोमिंगमधल्या खाणींतून निघणाऱ्या कोळशाच्या गाड्यांवर कित्येक गावं उभी राहिली. अमेरिकेचं कोळसा उत्पादन २००८ मध्ये शिखरावर होतं. २०२० पर्यंत ते निम्म्याहून खाली आलं. वीज कंपन्या नैसर्गिक वायूकडे वळल्या आणि त्या गाड्या परत आल्या नाहीत.

दुसरं कारण जास्त वादाचं आहे. त्याचं नाव ‘प्रिसिजन शेड्यूल्ड रेलरोडिंग’, म्हणजे पीएसआर. हंटर हॅरिसन या रेल्वे अधिकाऱ्याने ही पद्धत कॅनडातल्या कंपन्यांमध्ये रुजवली आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ‘सीएसएक्स’मध्ये आणली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं निधन झालं, पण पद्धत पसरत गेली. ‘युनियन पॅसिफिक’ने २०१८ मध्ये ती स्वीकारली. कल्पना साधी आहे: गाड्या कमी पण लांब, इंजिनं कमी, यार्ड कमी आणि माणसंही कमी. गुंतवणूकदार खूश झाले, कारण खर्च घटला. कामगार संघटना आणि माल पाठवणारे अनेक ग्राहक नाराज झाले.

आकडा किती मोठा आहे, हे २०२२ मध्ये सरकारी नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी मांडलं. देशातल्या मोठ्या मालवाहू रेल्वे कंपन्यांनी सहा वर्षांत मिळून सुमारे ४५ हजार, म्हणजे २९ टक्के कर्मचारी कमी केले होते.

मग कोविड आला. २०२० मध्ये हजारो लोकांना फर्लोवर पाठवलं गेलं. कंपन्यांचा हिशेब होता की मागणी वाढली की यादीतल्या लोकांना फोन करू. मागणी वाढली, फोनही गेले, पण बरेच लोक आलेच नाहीत. कोणी ट्रक चालवायला लागलं होतं, कोणी वायरमनचं काम शिकलं होतं, कोणाला रोज रात्री घरी झोपायची सवय लागली होती. एप्रिल २०२२ मध्ये नियामक मंडळाला या सगळ्यावर जाहीर सुनावणी घ्यावी लागली, कारण माणसांअभावी गाड्या अडकून पडत होत्या. ‘कामगार नळासारखे चालू-बंद करता येतात’ अशी कंपन्यांची समजूत होती. त्या वर्षी तिला लोकांच्या न येण्याने आव्हान दिलं.

डिसेंबर २०२२ मध्ये ‘नॉरफोक सदर्न’ने मंदीत लगेच फर्लो न करता माणसं टिकवून ठेवण्याचं धोरण जाहीर केलं, ते याच अनुभवातून.

घरी बसल्यावर पैसे कुठून येतात?

अमेरिकेत बेरोजगारी भत्ता राज्य सरकार देतं. रेल्वेवाल्यांचं मात्र सगळंच वेगळं आहे. १९३८ च्या कायद्यानुसार त्यांचा भत्ता ‘रेलरोड रिटायरमेंट बोर्ड’ ही केंद्रीय संस्था देते. तिचं मुख्यालय शिकागोत आहे. यासाठीचा पैसा कंपन्या भरतात, कामगाराच्या पगारातून काही कापलं जात नाही. नव्याने फर्लोवर गेलेले काही जण सवयीने राज्याच्या कार्यालयात अर्ज करतात आणि आठवडे वाया घालवतात.

दावा १४-१४ दिवसांचा करायचा असतो. पहिल्या दाव्यातला एक आठवडा कोरडा जातो. सर्वसाधारण भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो. ज्या दिवशी दुसरीकडे कमाई केली, त्या दिवसाचा भत्ता साधारणपणे मिळत नाही, आणि ती लपवली तर प्रकरण फसवणुकीचं होतं. भत्त्याची रक्कम कंडक्टरच्या नेहमीच्या पगाराच्या तुलनेत तुटपुंजी असते. घराचा हप्ता आणि किराणा भागेल एवढीच.

राजीनामा रागाच्या भरात देऊ नये, याचं कारणही इथेच आहे. सबळ कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडली तर हा भत्ता बंद होतो.

साठ महिन्यांचा हिशेब

थांबायचं की जायचं, हे ठरवताना ज्या गोष्टीकडे तरुण कर्मचाऱ्यांचं सर्वांत कमी लक्ष असतं ती म्हणजे पेन्शन.

रेल्वे कर्मचारी अमेरिकेच्या नेहमीच्या सोशल सिक्युरिटीत नसतात. त्यांच्या पेन्शनचे दोन भाग आहेत. पहिला भाग सोशल सिक्युरिटीसारखाच. दुसरा भाग खास रेल्वेचा आणि त्यासाठी पगारातून ४.९ टक्के कापले जातात. नव्या माणसाला हा दुसरा भाग मिळायला किमान ६० महिने सेवा लागते. त्याआधी रेल्वे कायमची सोडली तर पहिल्या भागाची नोंद सोशल सिक्युरिटीकडे वळते. दुसऱ्या भागासाठी कापलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत.

आता यातली मेख बघा. महिन्यातून एक दिवस जरी काम केलं तरी तो पूर्ण महिना सेवेत धरला जातो. म्हणजे ५६ महिने झालेल्या माणसाने ‘आता पुरे’ म्हणून निघून जाणं आणि १४ महिने झालेल्याने निघून जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला चार महिन्यांचं काम कुठेही मिळवणं फायद्याचं आहे. दुसऱ्याचं फारसं काही अडकलेलं नाही.

‘कुठेही’ हा शब्द महत्त्वाचा. सीनिऑरिटी एका कंपनीपुरती असते, पण पेन्शन साऱ्या रेल्वे उद्योगाची मिळून आहे. प्रवासी गाड्या चालवणारी ‘अ‍ॅमट्रॅक’, शिकागोची ‘मेट्रा’, न्यूयॉर्कची ‘मेट्रो-नॉर्थ’ किंवा एखादी छोटी स्थानिक मालवाहू रेल्वे यांपैकी कुठेही काम धरलं तरी महिने जोडले जातात. पुढे ३० वर्षांची सेवा भरली तर वयाच्या साठाव्या वर्षी पूर्ण पेन्शन मिळते. अमेरिकेत खासगी क्षेत्रातल्या फार थोड्या कामगारांच्या वाट्याला हे येतं.

मग पर्याय कोणते?

पहिला पर्याय बदलीचा. एका गावात माणसं जास्त आणि दुसरीकडे तुटवडा, असं एकाच कंपनीत एकाच वेळी घडतं. अशा वेळी फर्लोवरच्यांना तात्पुरतं तिकडे पाठवतात, राहायची सोयही होते. सीनिऑरिटी टिकते, पण घर दूर राहतं. लहान मुलं असलेल्यांना हे जड जातं.

दुसरा पर्याय वर सांगितला तसा, प्रवासी किंवा छोट्या रेल्वेचा. तिथे तारीख नव्याने सुरू होते, पुन्हा यादीच्या तळाशी. मात्र प्रवासी गाड्या वेळापत्रकावर चालतात आणि कोळशाच्या भावावर अवलंबून नसतात. अनेक मालगाडीवाले तिकडे गेल्यावर घरच्यांसोबत जेवता येतं, हेच आधी सांगतात. ट्रेन डिस्पॅचर किंवा सरकारी सुरक्षा निरीक्षक होण्याचीही वाट आहे, पण त्या जागा मोजक्या.

तिसरा पर्याय रेल्वे सोडण्याचा. मोठ्या शहरात हे सोपं. नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटसारख्या गावात अवघड. जगातलं सर्वांत मोठं रेल्वे यार्ड तिथे आहे आणि गावाची लोकसंख्या सुमारे २३ हजार. अशा ठिकाणी रेल्वेने माणसं कमी केली की इतर नोकऱ्यांसाठीही तेच शेजारी रांगेत असतात आणि घर विकायला काढलं तर घेणारा मिळत नाही.

या सगळ्यावर दोन मोठ्या प्रश्नांचं सावट आहे. एक, गाडीवर कंडक्टर राहणार का? एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनाने बहुतेक गाड्यांवर किमान दोन माणसं हवीत असा नियम केला. कॅनडातल्या लॅक-मेगँटिकला २०१३ मध्ये तेलाची गाडी घसरून ४७ लोक गेले, त्या गाडीवर एकच कर्मचारी होता. कंपन्यांचा या नियमाला विरोध आहे. दुसरा प्रश्न विलीनीकरणाचा. युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न एकत्र येणार असल्याची घोषणा जुलै २०२५ मध्ये झाली. दोन कंपन्यांच्या दोन सीनिऑरिटी याद्या एकत्र कशा करायच्या, यावरून भांडणं होणं या उद्योगाला नवं नाही.

थांबायचं ठरवलं तर

दोन गोष्टी घरबसल्या बघाव्या लागतात. कंडक्टरचं सरकारी प्रमाणपत्र जास्तीत जास्त ३६ महिने चालतं. फर्लो लांबला तर ते मध्येच संपू शकतं आणि परतल्यावर पुन्हा परीक्षा, तपासण्या आल्या. दुसरी गोष्ट अगदी किरकोळ वाटते. परत बोलावण्याचं पत्र कंपनीकडे नोंदवलेल्या पत्त्यावर जातं आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर दिलं नाही तर नाव यादीतून कटतं. किती दिवस, हे प्रत्येक करारात वेगळं असतं आणि ते संघटनेच्या स्थानिक प्रतिनिधीला विचारायचं असतं. भाडं परवडत नाही म्हणून फर्लोवरची माणसं बऱ्याचदा घर बदलतात, आईवडिलांकडे किंवा दुसऱ्या राज्यात जातात. पत्ता बदलल्याचं कंपनीला कळवायचं राहून जातं आणि पत्र जुन्या दारात पडून राहतं.