शिव्याशाप आणि शुश्रूषा

सन 1948 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधील डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या सभासदांचा कौल घेतला, तेव्हा सुमारे नऊदशांश मते नियोजित सरकारी आरोग्यसेवेच्या विरुद्ध पडली. आपण सरकारदप्तरी पगारी नोकर होऊ, ही त्यांची धास्ती होती, आणि संघटनेच्या एका माजी चिटणिसाला तर या योजनेत नात्सी राजवटीची चाहूल लागली होती.

आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन, वेल्सच्या कोळसाखाणीत राबलेले फर्डे वक्ते, तज्ज्ञांना खासगी रुग्णांची सवलत देऊन वश करण्याइतके व्यवहारचतुर होते. परंतु अंमलाच्या पूर्वसंध्येस, 4 जुलै रोजी, मँचेस्टरच्या सभेत, बेकारीत बहिणीच्या कमाईवर जगावे लागल्याचे आठवून, त्यांनी हुजूर पक्षाला उंदीर-घुशींहूनही नीच ठरविले. पंतप्रधान ॲटलींनी पत्राने कानउघाडणी केली. हुजूरपक्षीयांनी उंदराचे बिल्ले छातीवर मिरविले. आणि 1951 मध्ये सत्ता हाती येताच त्यांनीच ती सेवा पुढे चालविली.