तपासणीविना ठेवलेल्या ३१ हजार बाया

१९४१ साली परळला टाटा मेमोरियल उघडलं. माहूरच्या बाईसाठी कॅन्सर म्हणजे मुंबईच, असं पुढची कित्येक वर्षं राहिलं. १९८२ मध्ये बार्शीत कॅन्सर रुग्णालय झालं आणि उपचार मराठवाड्याच्या वेशीवर आले. हे श्रेय दिलंच पाहिजे.

पण मित्रांनो, १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काय झालं तेही वाचा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी सुमारे १ लाख ३१ हजार बायांचे चार गट पाडले. तीन गटांची तपासणी झाली. चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींना फक्त माहिती आणि ‘नेहमीची सेवा’. २००९ चा निकाल: एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत कधीच सिद्ध झालं होतं. संशोधकांचा बचाव असा, की इथे नाहीतरी तपासणी होतच नव्हती. म्हणजे शासनाने जे दिलं नाही, तेच आमच्या बायांचं प्रमाण ठरलं! श्रेणीबद्ध विषमता दुसरी काय असते?

२०१२ मध्ये जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. ऑपरेशन, केमोचा खर्च मिळतो, पण रोग सापडल्यावर. आणि तपासणी? केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ॲसिटिक ॲसिडची पद्धत आली. मुंबईतल्या अभ्यासात तिने मृत्यू घटले, हे खरं. उस्मानाबादेत मात्र ज्या चाचणीने बाया वाचल्या, ती एचपीव्ही त्या सूचनांत नव्हती.