गोड आवाजाचे पितळ

बेंगळुरूच्या कब्बन पार्कातला बँडस्टँड पाहिला की मला युफोनियम आठवते. १८०९ मध्ये इथे छावणी वसली, तेव्हा हे वाद्य जन्मलेही नव्हते. पितळी वाद्यांना व्हॉल्व्ह नव्हते. बहुतेकांतून बिगुलासारखे मोजकेच स्वर निघत. व्हॉल्व्ह आले आणि १८४३ च्या सुमारास जर्मनीत युफोनियम घडले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘गोड आवाजाचे’.

नळी ट्रॉम्बोनइतकीच, सुमारे ९ फूट. पण ट्रॉम्बोनची नळी बरीचशी एकाच रुंदीची, म्हणून आवाज धारदार. युफोनियमची रुंदावत जाते, म्हणून स्वर गोल, मऊ. खोट एकच: दोन-तीन व्हॉल्व्ह एकत्र दाबले की नळी अपुरी पडून स्वर चढा लागे. १८७४ मध्ये लंडनच्या डेव्हिड ब्लेकलीने हवा जादा नळ्यांतून फिरवून ती बरीचशी दूर केली.

मार्चमध्ये ट्रम्पेट मुख्य चाल वाजवतो, युफोनियम तिच्याखाली दुसरी विणते. पाहणाऱ्याला ते वेगळे ऐकू येत नाही. थांबले की मात्र बँड पोकळ वाटतो. लढाईत हेच बँडवाले वाद्ये ठेवून स्ट्रेचर उचलतात. तेव्हाही नाव दुसऱ्यांचेच होते. मित्रांनो, पुढच्या परेडला जरा खालच्या सुरांकडे कान द्या.