तहान लागण्याआधीची विहीर

पालीच्या बल्लाळेश्वर मंदिरामागचा सरसगड चढून गेलात, तर कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. एकच मोठे टाके पुरले नसते का?

अशा टाक्यांमागचा विचार रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त, इ.स. १७१५ च्या सुमारास, मांडला आहे. गडावर एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. म्हणून जादा टाकी आधीच बांधावीत आणि ते पाणी राखून ठेवावे.

माणसांच्या बाबतीतही हीच दक्षता. हवालदार, सरनौबत आणि सबनीस मिळून गड चालवीत. सारी सत्ता एकाच्या हाती नसे. शिवाय ठरावीक वर्षांनी त्यांच्या बदल्या कराव्यात, असे अमात्य सांगतात. हा निव्वळ संशय नव्हे, असे मला वाटते. गुन्हा घडल्यावर शिक्षा करण्यापेक्षा संगनमताला वेळच मिळू न देणे राज्याला स्वस्त पडते.

हे ग्रंथ वाचून सुचलेले नव्हते. राजाराम महाराज जिंजीत असताना इकडचा कारभार अमात्यांनीच सांभाळला होता. पुढे कित्येक गड औरंगजेबाने तोफांनी नव्हे, पैसे मोजून घेतले.